योकोहामाचे डॉक्टर हेबोन

(परक्या देशात जाऊन, तेथील माणसांची भाषा शिकून, त्यांची सेवा करणारी माणसे सगळ्याच काळात होऊन गेली. अशाच एका डॉक्टरची ही जीवनकथा आहे. त्यांचा जन्म अमेरिकेत झाला. पण त्यांच्या आयुष्यातील तेहतीस वर्षे जपानमध्ये गेली. आजही त्यांचे नाव जपानमधील शाळकरी मुलांना ठाऊक आहे.)

तुम्ही उर्दू लिहिता तेव्हा तुमचा हात उजवीकडून डावीकडे जातो. मराठी लिहिताना तोच हात डावीकडून उजवीकडे जातो. जपानी माणूस जुन्या पद्धतीने लिहू लागला, तर त्याचा हात वरून खाली येतो. शिवाय त्याला एक नव्हे, तीन प्रकारची अक्षरे शिकावी लागतात. अशी भाषा एखाद्या परक्या माणसाने, हाती चांगला शब्दकोश नसताना, चव्वेचाळिसाव्या वर्षी शिकायला घेतली तर? डॉ. जेम्स कर्टिस हेपबर्न यांनी नेमके हेच केले. ते नुसती भाषा शिकून थांबले नाहीत. पुढच्यांना ती सोपी जावी म्हणून त्यांनी त्या भाषेचा कोश तयार केला.

हेपबर्न यांचा जन्म १३ मार्च १८१५ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतात मिल्टन या गावी झाला. प्रिन्स्टन येथे शिक्षण घेतल्यावर त्यांनी वैद्यकशास्त्राचा अभ्यास केला आणि १८३६ मध्ये ते डॉक्टर झाले. ते अंगाने किरकोळ व स्वभावाने शांत होते. डॉक्टर होऊन पैसा मिळवावा एवढीच त्यांची इच्छा नव्हती. आपल्या विद्येचा उपयोग दूरदेशीच्या गरीब माणसांना व्हावा आणि त्याबरोबर आपल्या धर्माचा संदेशही तेथे पोहोचावा, असे त्यांना वाटे. अशा कामासाठी परदेशी जाणाऱ्या ख्रिस्ती माणसांना मिशनरी म्हणतात.

१८४० मध्ये क्लॅरा लीट या तरुणीशी त्यांचा विवाह झाला. क्लॅरा शिक्षिका होत्या. दुसऱ्याच वर्षी हे जोडपे जहाजाने पूर्वेकडे निघाले. ते प्रथम सिंगापूरला राहिले आणि नंतर चीनमधील अमॉय या बंदरात गेले. पण तेथील हवा त्यांना मानवली नाही. दोघांचीही प्रकृती ढासळली. अखेर काम अर्धवट टाकून १८४६ मध्ये त्यांना अमेरिकेला परतावे लागले.

हेपबर्न यांनी न्यूयॉर्क शहरात दवाखाना काढला. तेथे त्यांचा चांगला जम बसला. डोळ्यांच्या रोगांवर इलाज करण्यात त्यांची ख्याती झाली. घर, पैसा, मान सारे काही मिळाले. पण या सुखाला दुःखाची मोठी किनार होती. न्यूयॉर्कमध्ये असताना त्यांची तीन लहान मुले एकामागून एक आजाराने दगावली. शेकडो रुग्णांना बरे करणाऱ्या बापाला स्वतःची मुले वाचवता आली नाहीत. अमॉयला जन्मलेला सॅम्युएल हा एकच मुलगा राहिला.

याच सुमारास जपानची दारे उघडत होती. जपानने दोनशेहून अधिक वर्षे परक्यांना आपल्या देशात फारसे येऊ दिले नव्हते. त्यामागे इतिहास होता. १५४९ मध्ये फ्रान्सिस झेवियर हे मिशनरी आपल्या गोव्याहून निघून जपानला पोहोचले होते. त्यांच्यामागून इतरही गेले आणि पुष्कळ जपानी लोक ख्रिस्ती झाले. पुढे तेथील राज्यकर्त्यांना या परक्यांची भीती वाटू लागली. त्यांनी ख्रिस्ती धर्मावर कडक बंदी घातली. गावोगावी लाकडी फलक लावून ही बंदी जाहीर केलेली असे. पुढे १८५३ मध्ये अमेरिकेची लढाऊ जहाजे जपानच्या किनाऱ्यावर आली. नाइलाजाने जपानला तह करावा लागला आणि १८५९ मध्ये कानागावा-योकोहामा हे बंदर परदेशी लोकांसाठी उघडले. धर्मबंदी मात्र कायम होती.

ही बातमी ऐकून हेपबर्न पतिपत्नींनी पुन्हा पूर्वेकडे जायचे ठरवले. डॉक्टरांनी भरभराटीला आलेला दवाखाना बंद केला, घरदार विकले. सर्वांत कठीण गोष्ट होती ती सॅम्युएलची. तो तेव्हा चौदा वर्षांचा होता, म्हणजे तुमच्याच वयाचा. जपानमध्ये त्याच्या शिक्षणाची सोय होण्यासारखी नव्हती. म्हणून त्याला अमेरिकेतच शाळेत ठेवावे लागले. आधीच तीन मुले गमावलेल्या आईबापांनी एकुलत्या एका मुलाचा निरोप घेतला. त्या मुलाला काय वाटले असेल, याचा तुम्हीच विचार करा. मोठ्या कामाची किंमत कित्येकदा घरातल्या माणसांनाही मोजावी लागते.

एप्रिल १८५९ मध्ये जहाज निघाले. सुमारे सहा महिन्यांच्या प्रवासानंतर, ऑक्टोबरमध्ये ते कानागावाला पोहोचले. तेथे परदेशी माणसांसाठी घरे नव्हती. हेपबर्न यांना राहायला जोबुत्सुजी नावाचे एक बौद्ध मंदिर मिळाले. एक ख्रिस्ती मिशनरी बौद्ध मंदिरात बिऱ्हाड करून राहिला, ही गोष्ट गमतीची वाटेल. पण तसेच घडले. कागद लावलेली सरकती दारे, जमिनीवर गवती चटया, थंडीत फटींतून शिरणारा वारा, अशा घरात त्यांचा संसार सुरू झाला. लवकरच दुसरे एक मिशनरी कुटुंबही त्याच मंदिरात राहायला आले.

जपानी लोकांना हेपबर्न हे नाव उच्चारता येईना. त्यांच्या तोंडी त्याचे हेबोन झाले. डॉक्टरांनी हे नाव आनंदाने स्वीकारले. पुढे सारा जपान त्यांना याच नावाने ओळखू लागला.

ते दिवस धोक्याचे होते. परक्यांचा द्वेष करणारे सामुराई कमरेला तलवारी लावून हिंडत. परदेशी माणसांवर हल्ले होत. एकदा क्लॅरा रस्त्याने जात असताना मागून कोणीतरी त्यांच्यावर सोट्याचा घाव घातला. त्यांच्या खांद्याला मोठी इजा झाली. १८६२ च्या सप्टेंबरमध्ये जवळच्या नामामुगी गावात सामुराईंनी एका इंग्रज व्यापाऱ्याला ठार मारले आणि त्याच्या दोन सोबत्यांना जखमी केले. त्या दोघांना कानागावाच्या एका मंदिरात आणले गेले. त्यांच्या जखमा बांधायला डॉ. हेबोन धावून गेले. अशा वेळी कोणीही घाबरून मायदेशी निघून गेला असता, तरी त्याला नावे ठेवता आली नसती. हेबोन गेले नाहीत.

धर्माबद्दल उघडपणे बोलण्याची सोय नव्हती. जो जपानी माणूस ख्रिस्ती होईल, त्याला कठोर शिक्षा होण्याची भीती होती. मग करायचे काय? हेबोन यांनी आपली वैद्यकी सुरू केली. १८६१ मध्ये कानागावातील सोकोजी या दुसऱ्या एका मंदिरात त्यांनी दवाखाना काढला. कोणाकडूनही पैसे घ्यायचे नाहीत, असा त्यांचा नियम होता. प्रथम लोक बिचकत आले. गुण येतो असे दिसल्यावर मात्र रांगा लागल्या. शेतकरी, कोळी, मजूर, सामुराई, सारेच येऊ लागले. त्यांत डोळ्यांचे रुग्ण फार असत. अवघ्या पाच महिन्यांत सुमारे साडेतीन हजार रुग्णांवर उपचार झाले. परक्या डॉक्टरभोवती लोकांची अशी गर्दी होणे सरकारला आवडले नाही. त्यांनी दवाखाना बंद पाडला.

हेबोन निराश झाले नाहीत. १८६२ च्या अखेरीस ते खाडीपलीकडे योकोहामाला राहायला गेले. तेथे परदेशी लोकांच्या वसाहतीत, ३९ क्रमांकाच्या जागेवर, त्यांनी घर बांधले आणि त्याला लागूनच दवाखाना उघडला. येथे त्यांना कोणी अडवले नाही. काही जपानी तरुण त्यांच्या हाताखाली पाश्चात्त्य वैद्यक शिकू लागले.

त्या काळी सावामुरा तानोसुके नावाचा एक नामवंत काबुकी नट होता. काबुकी म्हणजे जपानचे पारंपरिक नाटक. आपल्याकडे बालगंधर्व जशा स्त्रियांच्या भूमिका करत, तसा तानोसुकेही स्त्रीभूमिका करी. त्याच्या पायाला सडण्याचा रोग जडला. पाय कापल्याशिवाय जीव वाचणार नव्हता. १८६७ मध्ये हेबोन यांनी गुंगीचे औषध देऊन त्याचा पाय कापला. मग अमेरिकेहून कृत्रिम पाय मागवून दिला. तो पाय लावून तानोसुके पुन्हा रंगभूमीवर उभा राहिला. रोगाने त्याला पुढेही सोडले नाही आणि तो तरुणपणीच वारला. पण पाय गेलेला नट पुन्हा नाटकात काम करतो, हे पाहून लोक थक्क झाले. हेबोन यांचे नाव घरोघर पोहोचले.

एकीकडे दवाखाना चालू असताना दुसरीकडे भाषेचा अभ्यास चालूच होता. हेबोन यांच्यासमोर दोनच जुनी पुस्तके होती. एक होते १६०३ साली तेव्हाच्या मिशनऱ्यांनी तयार केलेला जपानी-पोर्तुगीज कोश आणि दुसरे होते १८३० मध्ये बटाव्हियात छापलेला एक लहानसा शब्दसंग्रह. खरा आधार होता तो बोलणाऱ्या माणसांचा. दवाखान्यात येणारा रुग्ण आपल्या दुखण्याचे वर्णन करी. पोट कसे दुखते, डोके कसे ठणकते, डोळ्यांत काय खुपते, हे तो आपल्या रोजच्या बोलीत सांगे. हेबोन औषध देत आणि नवा शब्द टिपून ठेवत. असा दवाखाना हीच त्यांची पाठशाळा झाली.

या कामात त्यांना एक उत्तम सोबती मिळाला. त्याचे नाव किशिदा गिन्को. तो १८६३ मध्ये डोळ्यांच्या विकाराने बेजार होऊन हेबोन यांच्याकडे आला. औषधाने त्याचे डोळे बरे झाले. किशिदा चांगला शिकलेला व हुशार होता. तो कोशाच्या कामात हेबोन यांना मदत करू लागला. शब्दाचा नेमका अर्थ, त्याची अक्षरे, तो कोठे वापरतात, कोठे वापरत नाहीत, हे सारे तो समजावून सांगे. परक्याला कितीही विद्या असली, तरी त्या मातीतल्या माणसाच्या मदतीवाचून भाषेचा गाभा हाती लागत नाही. हेबोन हे जाणून होते.

कोश लिहून झाला, पण तो छापायचा कसा? जपानमध्ये तेव्हा बहुतेक पुस्तके लाकडावर कोरलेल्या ठशांवरून छापत. असा मोठा कोश छापण्याची चांगली सोय तेथे नव्हती. म्हणून १८६६ मध्ये हेबोन किशिदाला बरोबर घेऊन चीनमधील शांघाय येथे गेले. तेथे मिशनचा मोठा छापखाना होता. पण जपानी अक्षरांचे खिळे तेथेही पुरेसे नव्हते. तेव्हा किशिदाने आपल्या हाताने सुबक अक्षरे लिहून दिली आणि त्यांवरून नवे खिळे पाडले. काही महिने दोघांनी मुद्रिते तपासली. १८६७ मध्ये कोश प्रसिद्ध झाला. त्यात वीस हजारांहून अधिक जपानी शब्द होते. प्रत्येक शब्द आधी रोमन अक्षरांत, मग जपानी लिपीत आणि त्यापुढे इंग्रजी अर्थ, अशी त्याची मांडणी होती. शेवटी इंग्रजीतून जपानी असा लहान भागही जोडला होता. जपानी शब्दांचे इंग्रजी अर्थ देणारा हा पहिला मोठा कोश होय. परदेशी माणसांना तो जपानी शिकायला उपयोगी पडला आणि जपानी तरुणांना इंग्रजी शिकायला.

किशिदा पुढे नामवंत पत्रकार झाला. हेबोन यांनी डोळ्यांत घालायच्या औषधाची कृती त्याला शिकवली होती. किशिदाने ते औषध तयार करून देशभर विकले. आपल्याला दृष्टी मिळाली, हे तो विसरला नाही. टोकियोत अंधांसाठी शाळा काढण्याच्या कामात त्याने पुढाकार घेतला. एका उपकारातून दुसरा उपकार कसा जन्म घेतो, याचे हे सुंदर उदाहरण आहे.

क्लॅराबाईही स्वस्थ बसल्या नव्हत्या. १८६३ मध्ये त्यांनी योकोहामाच्या घरातच लहानशी शाळा सुरू केली. त्या मुलांना इंग्रजी शिकवत. त्यांच्या हाताखाली शिकलेला ताकाहाशी कोरेकियो हा मुलगा मोठेपणी जपानचा पंतप्रधान झाला. हायाशी तादासू हा दुसरा विद्यार्थी परराष्ट्रमंत्री झाला. त्यांच्या वर्गातील मुलींना पुढे मेरी किडर या शिक्षिका शिकवू लागल्या. त्यातूनच योकोहामाची फेरिस ही मुलींची प्रसिद्ध शिक्षणसंस्था उभी राहिली. मुलींनी शाळेत जाण्याची रीत रुळण्याच्या आधीची ही गोष्ट आहे.

१८६८ मध्ये जपानमध्ये राज्यक्रांती झाली. नव्या सरकारने अनेक जुन्या गोष्टी बदलल्या. १८७३ मध्ये ख्रिस्ती धर्मबंदीचे ते लाकडी फलकही काढून टाकले. चौदा वर्षे हेबोन यांनी या दिवसाची वाट पाहिली होती. आता त्यांना मोकळेपणाने काम करता येऊ लागले. निरनिराळ्या पंथांच्या मिशनऱ्यांनी एकत्र येऊन बायबलचे जपानी भाषांतर हाती घेतले होते. त्यात हेबोन यांचा वाटा मोठा होता. जपानी पंडित त्यांच्या शेजारी बसून भाषा तपासत. नवा करार १८८० मध्ये पूर्ण झाला आणि जुना करार १८८७ मध्ये. वाढते वय आणि एवढे लेखन यांमुळे दवाखान्याचे काम मात्र त्यांना सोडावे लागले.

कोशातही ते सारखी भर घालत राहिले. १८७२ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली आणि १८८६ मध्ये तिसरी. आपल्या पहिल्या पुस्तकात काही कमी राहिले आहे, हे मान्य करून ते सुधारण्याची तयारी त्यांच्याकडे होती. जपानी शब्द रोमन अक्षरांत कसे लिहावेत, याची एक सुधारलेली पद्धत काही विद्वानांनी मिळून ठरवली होती. ती हेबोन यांनी तिसऱ्या आवृत्तीत वापरली. कोश घरोघर गेला आणि त्याबरोबर ही पद्धतही रूढ झाली. तिला हेबोन पद्धत असेच नाव पडले. शब्द कानाला जसा ऐकू येतो, तसा तो परक्यालाही वाचता यावा, हा या पद्धतीचा गुण आहे. दुसऱ्या एका पद्धतीने लिहिलेला 'शि' हा उच्चार परका माणूस 'सि' असा वाचण्याची शक्यता असते. हेबोन पद्धतीत ती चूक होत नाही. आज जपानी माणसाच्या पासपोर्टवर त्याचे नाव याच पद्धतीने लिहिले जाते. रेल्वे स्थानकांवरील नावेही याच पद्धतीने लिहिलेली दिसतात.

तिसऱ्या आवृत्तीचे हक्क विकून जे पैसे मिळाले, ते हेबोन यांनी स्वतःसाठी ठेवले नाहीत. टोकियोतील मेइजी गाकुइन या शिक्षणसंस्थेला त्यांनी ते देऊन टाकले. क्लॅराबाईंच्या छोट्या शाळेपासूनच ही संस्था आपला इतिहास मोजते. १८८९ मध्ये हेबोन तिचे पहिले अध्यक्ष झाले. आज तेथे मोठे विद्यापीठ आहे.

१८९२ मध्ये सत्याहत्तर वर्षांचे हेबोन आणि क्लॅराबाई जपानचा निरोप घेऊन अमेरिकेला परतले. ते आले तेव्हा परक्यांच्या जिवाला धोका होता. ते निघाले तेव्हा त्यांना निरोप देताना माणसांचे डोळे भरून आले. १९०५ मध्ये, त्यांना नव्वद वर्षे पूर्ण झाली तेव्हा, जपानच्या सम्राटाने त्यांना उगवत्या सूर्याचे पदक देऊन गौरवले. दुसऱ्याच वर्षी क्लॅराबाई वारल्या. २१ सप्टेंबर १९११ रोजी अमेरिकेतील ईस्ट ऑरेंज या गावी डॉ. हेबोन यांनी शेवटचा श्वास घेतला. तेव्हा ते शहाण्णव वर्षांचे होते.

हेबोन जपानला गेले ते आपला धर्म सांगण्यासाठी. पण बोलण्याची बंदी होती, तेव्हा त्यांनी आधी ऐकायला सुरुवात केली. रुग्णाचे दुखणे ऐकले, त्याचे शब्द ऐकले, ते जपून ठेवले आणि साऱ्या जगाला वाचता येतील असे मांडून दिले. आज जपानमध्ये त्यांच्या धर्माचे लोक थोडेच आहेत. पण त्यांनी लिहिलेली अक्षरे सगळ्यांच्याच उपयोगी पडत आहेत. दुसऱ्याची भाषा मनापासून शिकणे, हाही त्या माणसाचा आदर करण्याचा एक मार्ग आहे. तुम्ही मराठीचे हे पुस्तक वाचत आहात, तेव्हा तुम्हीही त्याच वाटेवर चालत आहात.

शब्दार्थ

ख्याती – प्रसिद्धी, नावलौकिक
जम बसणे – धंदा किंवा काम नीट चालू लागणे
दगावणे – मरण पावणे
बिऱ्हाड – राहण्याची जागा, संसार
बिचकणे – भीतीने मागे सरणे
सोटा – जाड काठी
खिळे – छपाईसाठी लागणारी धातूची अक्षरे
मुद्रिते – तपासण्यासाठी काढलेली छापील पाने
गाभा – आतला मुख्य भाग

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) हेपबर्न यांना जपानी लोक कोणत्या नावाने ओळखत?
(आ) कानागावा येथे हेपबर्न पतिपत्नी कोठे राहिली?
(इ) कोश कोणत्या शहरात छापला गेला?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) सोकोजी मंदिरातील दवाखाना का बंद पडला?
(आ) दवाखाना हीच हेबोन यांची पाठशाळा झाली, असे का म्हटले आहे?
(इ) किशिदा गिन्को याने कोशाच्या कामात कोणती मदत केली?

३. सॅम्युएलला अमेरिकेत ठेवून जाण्याचा निर्णय तुम्हाला योग्य वाटतो का? तुमचे मत सकारण लिहा.

४. वाक्यांत उपयोग करा : जम बसणे, थक्क होणे, पुढाकार घेणे, निरोप घेणे.

५. तुमच्या घरी बोलले जाणारे पाच उर्दू शब्द देवनागरी लिपीत लिहा आणि त्यांचे मराठी अर्थ द्या.